तळहाताएवढी जागा

वेवजीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की पाड्यातली घरकुलं ओळीने लागतात. बाहेरून सगळी सारखी, एक झाकावं आणि दुसरं काढावं. पण यंदाच्या लगीनसराईपर्यंत जयवंतीच्या घरात पाऊल टाकणारा माणूस उंबऱ्यातच थांबायचा. समोर भिंत आहे हे त्याला कळायचंच नाही. तिथे सात पळते घोडे होते, पाच घड्याळं होती आणि त्यांतली दोन चालायची, ट्रकच्या कपाळाला बांधतात ते लाल-काळे गोंडे होते, प्लास्टिकचे गुलाब होते, बर्फाच्या डोंगराचा फोटो होता, मोरपिसं होती, जुनी सुपं होती, शिंपले चिकटवलेला हा एवढा आरसा होता, शिवाय देवांची कॅलेंडरं, स्टीलची ताटं, उंबरगावच्या बाजारात किलोवर मिळतात ती चाक नसलेली खेळणी. जमिनीपासून पत्र्यापर्यंत. लोक तोंडात बोटं घालायचे आणि मग त्याच बोटांनी मोबाइल काढायचे.

ही भिंत मोकळी करायची की नाही, एवढ्यावरून यंदा त्या बाईच्या पोराचा संसार मोडायला आला होता. भिंतीवरून कोणाचा संसार मोडतो का, असं विचाराल. मोडतो. जयवंतीची भिंत असली तर मोडतो.

जयवंती चारोटी नाक्याजवळच्या एका हॉटेलात खोल्या झाडायला जायची. सकाळी इको गाडीत कोंबून घ्यायचं, संध्याकाळी तसंच कोंबून परत यायचं. अकरा वर्षांमागे हॉटेलवाल्याने खोल्या नव्या केल्या तेव्हा जुनं सामान मागच्या अंगणात टाकलं. बाकीच्या बायकांनी पडदे उचलले, भाताच्या पोत्यांवर टाकायला कामाचे म्हणून. जयवंतीने सात घोड्यांची फ्रेम उचलली. चार फूट लांब. गाडीवाला म्हणाला, घोडे वरती बांधा नाहीतर पळत येऊ द्या. तिने ती मांडीवर उभी धरून घरी आणली. नवरा, काकड्या, ओट्यावर बसला होता. घरात एक बैल नाही आणि सात घोडे कशाला, असं त्याने विचारलं. तिने खिळा मागितला.

पण एकटी फ्रेम लावली की तिची पंचाईत असते. आला-गेला तिच्याकडेच बघतो. कोणी हात लावतो, कोणाला ती वाकडी दिसते, कोणी उठून सरळ करायला जातो. जयवंतीच्या जिवाचं पाणी व्हायचं. म्हणून तिने शेजारी घड्याळ लावलं. घड्याळ आणि घोडे यांच्यामध्ये फट दिसायला लागली म्हणून गोंडा लावला. दुसऱ्या वर्षी बर्फाचा डोंगर आला, त्याच्या भोवती गुलाब आले. असं करत करत भिंत भरली.

अंगणवाडीच्या सुषमाने ती पहिल्यांदा मोबाइलवर काढली. ती म्हणाली, मावशी, मुंबईचे लोक असं घर सजवायला माणूस लावतात, याला मॅक्झिमलिस्ट म्हणतात. जयवंतीच्या जिभेवर तो शब्द काही बसला नाही. ती त्याला ‘भरणं’ म्हणायची. मग सुषमाने तिला भिंतीपुढे उभं करून विचारलं की नव्या माणसाने सुरुवात कशी करावी. आणि ही बाई, जी ग्रामसभेत कधी तोंड उघडत नाही, ती घडाघडा बोलली. एकदम सगळं घर धरू नका, एकच भिंत धरा. आधी सगळ्यांत मोठी वस्तू लावा, पण मधोमध नको, जरा बाजूला. मग एक रंग पकडा, माझा लाल आहे, तो चार-चार वस्तू सोडून पुन्हा दिसला पाहिजे, म्हणजे कितीही भरलं तरी डोळ्याला कचरा वाटत नाही. विकत आणायची घाई करू नका, वस्तू आपोआप येतात. खिळा ठोकायच्या आधी वस्तू आठ दिवस जमिनीवर मांडून बघा. आणि तळहाताएवढीसुद्धा जागा मोकळी सोडू नका.

ते का, असं सुषमाने हसत विचारलं. जागा दिसली की कोणीतरी येऊन बसतं, असं जयवंती म्हणाली. तेवढं ऐकून सुषमा पोट धरून हसली. तो व्हिडिओ पार वापीपर्यंत फिरला आणि दोघी-तिघी जणी आपापल्या भिंती कशा भरायच्या ते विचारायलाही आल्या. पण त्यात नीट बघितलं तर दिसतं, बोलणारी हसत नाही.

जयवंतीला दोन पोरं. दीपेश मोठा, रोशनी त्याच्यापाठची, तीन वर्षांनी धाकटी. रोशनी म्हणजे घरभर नुसता दंगा. सात वर्षांची होती तेव्हा मोठ्यांबरोबर भात कापायला जायचा हट्ट धरला आणि पहिल्याच दिवशी विळ्याने डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक उडवलं. दुसरी पोर असती तर रडून पाडा डोक्यावर घेतला असता. ही मात्र जखम भरल्यावर शाळेत ते बोट दाखवायची आणि दाखवायचे दोन-दोन बोरं घ्यायची. त्या सालचं नवं भात घरात आलं. वारल्यांच्या घरात नवं भात आलं की तांदळाच्या पिठात हात बुडवून भिंतीवर, कणगीवर ठसे उठवतात. सगळ्यांनी उजवा हात लावला. रोशनीने मुद्दाम डावा लावला, कणगीच्या बाजूला, स्वतःच्या उंचीवर, तुटक्या बोटासकट. कारवीच्या कुडाला शेण-गेरूने सारवलेली ती भिंत, आणि त्यावर तो एवढासा पांढरा हात.

पंधरा दिवस नाही झाले तर तिला ताप आला. जयवंती तेव्हा चिकूच्या वाडीत जायची. पोरगी निजली आहे, उठेल तोवर येते, असं म्हणून ती कामाला गेली. संध्याकाळी आली तेव्हा पोर बोलत नव्हती. दवाखान्याच्या दारात नेली तेव्हा काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून जयवंतीने चिकू तोंडात घातलेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात घरकुल मंजूर झालं. जुनं घर पाडायचं होतं. जयवंती कामाला गेलेली असताना काकड्याने भाऊबंद गोळा केले आणि सकाळच्या सकाळी घर आडवं केलं. त्याच्या मनात काही पाप नव्हतं. त्याच्या डोळ्यांना ती नुसती भिंत होती. जयवंती परत आली तेव्हा मातीचा ढीग होता. ती गुडघ्यावर बसली आणि तिने तो ढीग हातांनी चाळला, ढेकूळ ढेकूळ उलटून पांढरं काही दिसतं का बघितलं. काही दिसलं नाही. काकड्याला ती त्यावरून एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं तो पुढे दीपेशला म्हणाला होता.

चार वर्षांमागे काकड्या गेला. त्याचा दिवस तिने रीतसर घातला, अख्खा पाडा जेवला. मेलेल्याचा दिवस घातला की तो पूर्वजांमध्ये जाऊन बसतो आणि घरात लगीन निघालं की त्याला नाव घेऊन बोलावता येतं. ज्याचा दिवस झाला नाही तो मधेच राहतो, त्याला बोलावता येत नाही आणि जा म्हणता येत नाही. रोशनीचा दिवस जयवंतीने घालू दिला नव्हता. ठकी धवलेरी, जी पाड्यातली लग्नं गाऊन लावते, ती दर साली हा विषय काढायची. एका साली जयवंती तिला शांतपणे म्हणाली, कसला दिवस, यंदा ती दहावीत गेली.  ठकीने विषय काढायचं सोडलं, आणि त्या घरात पाणी प्यायचंही सोडलं.

आता घोड्यांमागे काय होतं ते सांगायला हवं. नव्या घरातलं पहिलं नवं भात आलं तेव्हा जयवंतीने पाड्यातली एक आठ वर्षांची पोर बोलावली. निळ्या डिस्टेंपरवर गेरूचा चौकोन काढला, पिठात डिंक मिसळला म्हणजे सिमेंटवरून झडणार नाही, आणि त्या पोरीचा हात भिंतीवर दाबला. पाचही बोटं नीट उमटली पाहिजेत, असं बजावलं. एक बोट पुसट आलं तर तिने ठसा पुसून पुन्हा लावून घेतला. पोरीला बांगड्या दिल्या, सजावटीसाठी आहे म्हणून सांगितलं आणि ती गेल्यावर वर घोडे टांगले. दुसऱ्या साली नऊ वर्षांची पोर आणली. मग दहा वर्षांची. पोरी बांगड्या वाजवत निघून जायच्या आणि विसरायच्या. जयवंतीची मात्र भिंतीवर एक पोर वाढत होती. सुट्टीच्या दुपारी घरात कोणी नसलं की ती फ्रेमच्या मागे हात घालायची आणि त्या सालच्या हातावर आपला हात ठेवून उभी राहायची. तेरा वर्षांचा हात एकदम मोठा आला तेव्हा तिला चार रात्री झोप लागली नाही. वयात आलेल्या पोरीच्या आईला लागते तशीच काळजी लागली होती.

एक गोष्ट मात्र तिला कधी जमली नाही. भिंतीचा खालचा कोपरा, कणगीच्या बाजूचा. तिथे काही टिकायचं नाही. सूप लावलं, पडलं. कॅलेंडर लावलं, खिळ्यासकट खाली. गुलाबांचा गुच्छ तारेने आवळून बांधला, तर तार जागेवर आणि गुलाब जमिनीवर. पडायचं ते दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला. उंदीर म्हणा, पत्रा तापतो म्हणा, जयवंतीने सगळं म्हणून बघितलं. शेवटी तिने शिंपल्यांचा जड आरसा आणला, कोपऱ्यात जमिनीवर उभा केला आणि त्याला कणगी टेकवली. तो पडला नाही. पण अधूनमधून शिंपले आपोआप वाजायचे.

गेल्या साली दीपेशने कमळीला घरी आणली. सायवनकडची पोर, जिभेची तिखट आणि कामाला वाघ. लगीन पुढे ऐपत झाल्यावर लावायचं, तोवर एकत्र राहायचं, हे वारल्यांत चालत आलेलं आहे, त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. कमळीला फक्त ती भिंत आवडली नाही. तिच्याकडे पाठ करून स्वयंपाक करता येत नाही, असं ती म्हणायची. एकदा शिंपले वाजले तेव्हा तिने दीपेशला विचारलं की या घरात लहान पोर होतं का. बहीण होती, एवढंच तो म्हणाला.

या दिवाळीला नवं भात आलं. रोशनीला एकोणीस पूर्ण झाली असती. पाड्यात एकोणीसची पोर उरली नव्हती, कोणी सासरी गेली, कोणी कंपनीत. होती ती घरातच. कमळी एकोणीसची होती आणि तिला तिसरा महिना होता. सासूने गेरूचा चौकोन काढून हाक मारली तेव्हा कमळीला भरून आलं. आपल्याला घरची मानलं, असं तिला वाटलं. तिने हौसेने हात दाबला. पाचही बोटं सुरेख उमटली.

त्यावर लावायला म्हणून जयवंती ताट उचलायला गेली आणि तिच्या कोपराचा धक्का बर्फाच्या डोंगराला लागला. डोंगर खाली आला. मागे एक हात होता, नऊ-दहा वर्षांच्या पोरीचा. कमळीने बघितलं. मग तिने शेजारचं घड्याळ उचललं. मग सूप. मग मोरपिसं. एकेका वस्तूमागे एकेक हात, लहान-मोठे. शेवटी तिने घोडे उचलले. ती काही खुळी नव्हती. तिने हातांचा चढता क्रम लावला आणि सगळ्यांत मोठ्या, अजून ओल्या असलेल्या हातापाशी येऊन थांबली.

“माझा हात मेलेलीच्या नावाने लावलात, आई?”

“मेलेली नाय,” जयवंती म्हणाली. “एकोणीसची आहे.”

कमळीने हात घासून घासून धुतला. पण त्या दिवसापासून तिचा उजवा हात मनगटापासून बधिर व्हायला लागला. भाकरी थापताना थांबून तो हलवावा लागायचा. दवाखान्यातली बाई म्हणाली की पोटुशी बाईला असं होतं. कमळीने ऐकून घेतलं आणि दीपेशला आपलं म्हणणं सांगितलं. आपलं लगीन लागायचं तर याच भिंतीवर लग्नाचा चौक, पिठाने काढतात तो, लिहिला जाईल, मोकळ्या, सारवलेल्या भिंतीवर, आणि त्याआधी त्या पोरीचा दिवस होईल. नाहीतर मी सायवनला जाते. बाळ तिकडे जन्माला येईल आणि तिकडेच राहील. या भिंतीखाली मी त्याला निजवणार नाही.

दीपेश आईशी कधी आवाज चढवून बोललेला नव्हता. तेव्हाही नाही बोलला. बहीण गेली, बा गेला, आता हेही जाणार का, एवढंच त्याने विचारलं. जयवंती आठ दिवस घरात वावरली ती कोणाकडे न बघता. कमळी सरळ होती, कामाची होती, पोटात घराचा वंश होता, हे तिला कळत होतं. पण भिंतीवर दुसरी उभी होती आणि तिला घरातून कोणत्या तोंडाने काढायची? तिचा जीव मधोमध चिरला जात होता. शेवटी ती म्हणाली, भिंत मोकळी करते. दिवसाचं विचारू नका. तिच्या मनात वेगळंच होतं. वरून गेरू फिरवायचा, पण हात पुसायचे नाहीत. वर सुनेचा चौक, आत पोर. कोणाला कळलं असतं?

माघात एका दुपारी ठकी धवलेरी चौक लिहिणाऱ्या दोन सुवासिनी घेऊन भिंत बघायला आली. आधी दिवसाचं बोल, मग मी हात लावते, असं ती म्हणाली. आधी भिंत तर बघ, असं जयवंती म्हणाली. कमळीने बोचकं बांधून दारात ठेवलं होतं आणि सायवनची गाडी चारला होती. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

दीपेशने सामान उतरवायला सुरुवात केली. घड्याळं गेली, ताटं गेली, गोंडे गेले. अकरा वर्षांचं सामान अंगणात गेलं तेव्हा त्याचा मोठा ढीग झाला आणि आतली खोली एकाएकी परक्याच्या घरासारखी दिसायला लागली. भिंतीवर हात उघडे पडले. गेरूच्या चौकोनात एकेक, आठ वर्षांपासून एकोणीसपर्यंत. ठकीने बोटाने मोजले. बारा. सुवासिनींनी पदर तोंडाला लावले.

खालच्या कोपऱ्यातला आरसा तेवढा राहिला होता. तिथे काही नाही, असं जयवंती म्हणाली, तिथे मी कधी हात उमटवून घेतलेलाच नाही. दीपेशने कणगी सरकवली आणि आरसा पुढे ओढला.

तेरावा हात होता. गेरूचा चौकोन नाही, काही नाही, नुसत्या निळ्या रंगावर. सात वर्षांच्या पोराच्या उंचीवर. ओला नव्हता, ताजा नव्हता, कितीतरी सालं तिथेच असल्यासारखा सुकून भिंतीला धरून बसलेला. आता कोणी म्हणेल पोपडा, कोणी म्हणेल ओल. म्हणू दे. तिथे सहा माणसं उभी होती आणि सहाही जणांनी बघितला. ठकीला वाटलं जयवंती खोटं बोलली. तिने जयवंतीच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं की नाही.

दीपेश त्या हातासमोर उकिडवा बसला. रोशनीने हात लावला तेव्हा तो दहा वर्षांचा होता, पिठाचं ताट त्यानेच धरलं होतं. 

“डावा आहे, आई,” तो म्हणाला. “बोट बघ.”

करंगळीशेजारचं बोट टोकाला तुटलेलं होतं.

जयवंतीने ते बोट बघितलं. मग तिने वर बघितलं, एकेका हाताकडे, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत. सगळे उजवे होते. सगळ्यांना पाच बोटं होती, नीट, पूर्ण. तिनेच बजावून बजावून उमटवून घेतली होती. एक बोट पुसट आलं तर पुसून पुन्हा लावलं होतं. बारा वर्षांत एकदाही तिला आठवलं नव्हतं. ज्या पोरीसाठी तिने नवऱ्याशी अबोला धरला, सुनेला घालवायला निघाली, त्या पोरीचा हात कसा होता हे ती विसरली होती. तिला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. चिकूच्या वाडीतून परत आली त्या संध्याकाळीही नाही. आणि ही बिचारी खाली कोपऱ्यात सूप पाडत होती, गुलाब पाडत होती, शिंपले वाजवत होती, इकडे बघ म्हणत होती.

ती उठली. सारवणाच्या बादलीत तिने दोन्ही हात बुडवले आणि वरपासून सुरुवात केली. एकोणीसचा पुसला, अठराचा पुसला, सतराचा पुसला. डिंक मिसळलेलं पीठ लवकर निघत नव्हतं, तिने नखांनी खरवडलं. कोणी मदतीला पुढे झालं नाही, तीच सगळे पुसत खाली आली. आठ वर्षांच्या हातापर्यंत आली तेव्हा तिच्या कोपरापासून गेरू गळत होता. कमळी दारातून आत आली आणि तिने बादली तिच्याजवळ सरकवली.

कोपऱ्यातल्या हाताला जयवंतीने सारवण लावलं नाही. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, तोंड त्याच्या उंचीला आलं.

“ठकीबाय, दिवस धर,” ती म्हणाली. “सातचीच आहे ती.”